विमानाच्या पाठीवरची भोकं

पाचच्या आत लेकीने त्या कागदावर सही केली तर? आईने भाजी दोनदा धुतली, तिसऱ्यांदा नळाखाली धरली, पण ते डोक्यातून जाईना.

लेक विमानांत वायफाय बसवते. म्हणजे विमानाच्या पाठीला भोकं पाडून वर अँटेना बसवायची, तारा आत आणायच्या आणि प्रवाशांच्या डोक्यावरच्या छतात छोटे डबे लपवायचे. कशासाठी? तर दोन तास फोनविना बसलं की ज्यांचा जीव कासावीस होतो, त्या महाभागांना ढगांतूनही स्वतःच्या बुटांचे फोटो पाठवता यावेत म्हणून! एवढ्यासाठी पोरीने कमरेला पट्टा बांधून विमानाच्या टपावर चढायचं.

भोकांतून हवा निसटू नये म्हणून कडेने लेप भरतात. तो वाळायला अख्खा दिवस लागतो. शेडमध्ये गारठा असला की जास्तच. त्याच लेपाचा ठिपका लेक पत्र्याच्या तुकड्यावर वेगळा ठेवते आणि नख रुतवून बघते. आज दुपारी नख लोण्यात जावं तसं गेलं. पण विमान संध्याकाळी सोडायचंच, म्हणून साहेबाने लेप भरल्याची वेळ कागदावर दहा तास आधीची लिहून टाकली होती. खाली फक्त लेकीची सही हवी होती, तीही पाचच्या आत.

साहेब म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा नग. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर त्याला घेरी येते. अंगाला एवढा घमघमाट, की हाताखालचे त्याला 'अत्तरदाणी' म्हणतात.

जेवणाच्या सुट्टीत लेकीने हे सगळं फोनवर सांगितलं, तेव्हा आई म्हणाली होती, "अगं, कर सही. मागची नोकरी तोंडाळपणापायी घालवलीस, सहा महिने घरी बसलीस. तूच कशाला वाईटपणा घेतेस?"

"बरं," म्हणून लेकीने फोन ठेवला होता.

चारला अनोळखी नंबरवरून फोन वाजला.

"काकू, नमस्कार! मी तिचा साहेब. अर्जावर घरचा नंबर म्हणून तुमचा होता. पोरगी गुणी आहे हो, पण हटून बसलीय. लेपाचं काय, वर गार वाऱ्यात आपोआप वाळेल! जरा समजवा तिला."

म्हणजे सही झाली नव्हती!

"तुम्ही बसताय का त्या विमानात?" आईने विचारलं.

"मी? छे छे! इथे ढीगभर कामं पडलीत."

"मग निदान शिडी चढून लेप बघून तरी या."

"काकू, तुम्हाला त्यातलं काय कळतंय!"

"आणि तुम्हाला?" तिने फोन बंद केला.

तिला त्या माणसाची किळस आली, आणि तितकीच स्वतःचीही. असल्या दळभद्र्या माणसाची वकिली दुपारी आपण फुकटात केली. पोर तिकडे एकटी अडून बसलीय आणि तिला वाटतंय, आईसुद्धा त्याच्याच बाजूची. बसेल पुन्हा सहा महिने घरी. बसू दे.

आईने नळ बंद केला. ओले हात पुसले. सही करू नकोस, हे आपल्याच तोंडाने सांगायचं आणि आत्ताच सांगायचं, असं ठरवून तिने लेकीचा नंबर काढला.