न घेतलेली उतराई

आमच्या पोलीस ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षं एक लाकडी नाव उन्हात पडून होती. निवृत्त होऊन मी घरी बसलो, पण ती नाव काही डोळ्यांपुढून हलत नाही. आठवली की अजूनही माझं डोकं तापतं.

मी बनारसचाच, पण घर मराठी. वडील दशाश्वमेधावर यात्रेकरूंचं सामान वाहायचे. मजुरीसाठी घासाघीस करत मी वाढलो, शिपाई म्हणून भरती झालो आणि कोणाच्या शिफारशीशिवाय दरोगा, म्हणजे फौजदार झालो. ठाण्यातलं निम्मं काम सौद्याचंच असतं.

साताऱ्याकडची एक म्हातारी मुन्शी घाटाजवळ उपाध्यायांकडे उतरली होती. देवांचे झिजलेले चांदीचे टाक गंगेत विसर्जन करायला तिने आणले होते. ती स्नानाला गेली तेवढ्यात गाठोडं गेलं. तिला हिंदी येत नव्हती म्हणून तक्रार मीच लिहून घेतली. ती सारखी म्हणत होती, "अहो, गंगेलाच द्यायचे होते ते. पण माझ्या हाताने द्यायचे होते."

गंगेपलीकडच्या रामनगरहून एका सोनाराचा फोन आला. एक माणूस देव विकायला आला होता. घोड्यावर कोण बसलंय, असं सोनाराने विचारलं तर तो म्हणाला, महाराणा प्रताप. आमच्या खंडोबाला महाराणा प्रताप करणारा माणूस त्या टाकांचा मालक नव्हता, हे कळायला मराठी दरोगा पुरेसा होता. सोनाराने त्याला बोलण्यात गुंतवून ठेवलं आणि आम्ही त्याला मालासकट उचललं. तो मुन्शी घाटावरचाच एक नावाडी निघाला.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे अशा माणसांना आमच्याहून चांगलं ठाऊक असतं. त्यामुळे तो मोकळेपणाने बोलला. नदी कशी ओलांडलीस विचारल्यावर त्याने त्याच घाटावरच्या दुसऱ्या नावाड्याचं नाव घेतलं.

त्या दुसऱ्याला आणलं. शांत, चाळिशीचा माणूस. मी विचारलं, पार न्यायचे किती घेतलेस? त्याने उलट मलाच विचारलं.

"दरोगाजी, केवट केवटाकडून उतराई घेतो का कधी?"

"आणि गाठोड्यात काय आहे, हेही विचारलं नाहीस?"

"आपल्याच माणसाला विचारायचं? घाटावर तोंड दाखवता आलं नसतं."

नावाड्याने नावाड्याकडून उतराई, म्हणजे पार नेण्याचं भाडं घ्यायचं नाही, हा घाटाचा जुना रिवाज. केवटाने रामाला फुकट पार नेलं तेव्हापासूनचा, असं ते सांगतात. माझा त्याच्यावर विश्वास बसला. त्याने वीस रुपये घेतले असते तर तो माझा पहिल्या नंबरचा साक्षीदार झाला असता. हेच मी आमच्या साहेबांना सांगितलं. साहेब बाहेरून नवे आलेले. म्हणाले, फुकट नेलं म्हणजे वाटा होता. माझा आवाज चढला. नावाडी दोन नंबरचा आरोपी झाला, त्याची नाव मुद्देमाल म्हणून आवारात आली आणि माझी बदली पोलीस लाइनमध्ये झाली. साहेबांना शाबासकीचं पत्र मिळालं. ते मी विसरलेलो नाही.

कोर्टात चोराने पहिल्या काही तारखांतच गुन्हा कबूल केला. कच्च्या कैदेतले दिवस शिक्षेत धरले गेले आणि थोडे महिने काढून तो बाहेर आला. त्याने बिरादरीला दंडाचं जेवण घातलं, पंचांनी त्याचा विषय मिटवला. घाटावर प्रत्येक घराची प्रवासी घ्यायची ठरलेली पारी असते, ती त्याला परत मिळाली. आज तो सीएनजीची नाव चालवतो, मला बघून लांबूनच रामराम करतो.

दुसरा जामिनावर होता. एकदा घाटावर त्याला गाठून मी म्हटलं, तूही कबूल कर. दंड होईल, खटला संपेल, नाव सुटेल.

"मी चोर नाही, दरोगाजी."

"तू चोर आहेस असं मी कुठे म्हणतोय? मी तुला निकाल स्वस्तात मिळवून देतोय, गाढवा."

"माझ्या बापाची पारी आहे ही. त्या जागेवर उभं राहून मी चोरी केली म्हणू?"

मी ओरडलो, समजावलं, बायकोमुलांची नावं घेतली. आयुष्यात इतकी घासाघीस मी कोणाशी केली नव्हती. तो एक पायरी खाली उतरला नाही.

मग तारखा सुरू झाल्या. साताऱ्याची म्हातारी साक्षीला येईना. समन्स परत यायचं, पुढे तर ती गेल्याचंच कळलं. तिचे देव पोलिसांच्या मालखान्यात राहिले. कधी वकिलांचा कामबंद, कधी मॅजिस्ट्रेटची बदली. मी स्वतः किती वेळा साक्षीला जाऊन नुसता बसून परत आलो. नाव सोडवायला त्याने अर्ज केला, पण तिचा परवाना मेलेल्या बापाच्या नावावर, म्हणून अर्ज नामंजूर झाला. पंच म्हणाले, केस चालू आहे, निकाल लागला की पारीचं बघू. चोराचा विषय मिटला होता, कारण त्याला मिटण्याजोगा निकाल होता. याला निकालच नव्हता. मग हा दुसऱ्यांच्या नावांवर मजुरीने वल्ही मारू लागला.

निकाल लागला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. पुराव्याअभावी निर्दोष. तो मला घेऊन ठाण्यात गेला. नाव पाण्याबाहेर राहिली की लाकूड आकसतं. तिच्या फळ्यांमधून पलीकडची भिंत दिसत होती. एका टोकाला कुत्रीने पिल्लं घातली होती. त्याने फळीवर हात फिरवला, पिल्लं बाजूला केली नाहीत.

ठाण्याच्या मुन्शीने, म्हणजे कारकुनाने, पावती पुढे केली आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवली: नाव एक, चांगल्या स्थितीत परत मिळाली, तक्रार नाही. मी भडकलो. हे खोटं आहे, दुरुस्त कर, म्हणालो. मुन्शी नरमाईने म्हणाला, "सर, दुरुस्त करायचं तर पुन्हा कोर्टात अर्ज करावा लागेल. तारीख मिळेल."

नावाड्याने माझ्या दंडाला धरून मला मागे सारलं.

"राहू द्या, दरोगाजी. करतो कबूल."

आणि त्याने अंगठा दिला.

या केसने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. मी एवढंच शिकलो की खरं बोलणाऱ्याला आपल्याकडे थांबायची ताकद लागते, आणि ती कोर्टात मिळत नाही, घरून आणावी लागते. आजही कोणी गरीब माणूस सल्ला विचारायला आला तर मी सांगतो, कबूल कर आणि मोकळा हो. तो ऐकतो. त्या नावाड्यानंतर माझं न ऐकणारा एकही भेटला नाही.