उजव्या बरगडीखाली

काळीज नेमकं कुठं असतं हे अख्ख्या कोल्हापुरात एकट्या आमच्या मामांनाच ठाऊक होतं. मामा म्हणजे आत्तीचे यजमान. कॉलेजच्या प्रयोगशाळेत अवयवांचे पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि काचेवर बसवायचे, ही त्यांची नोकरी. 'काळजाला लागलं' म्हणताना आपण सगळेच छातीवर डावीकडं हात ठेवतो. मामांना ते अजिबात खपायचं नाही. "पावणं, ते हृदय. काळीज हिकडं!" म्हणत ते समोरच्याचा हात धरून उजव्या बरगडीखाली नेऊन ठेवायचे. एका लग्नात, पाठवणीच्या वेळी, नवरीच्या रडणाऱ्या आईचा हातसुद्धा त्यांनी असाच सरकवला. आत्तीनं त्यांना दंडाला धरून मांडवाबाहेर काढलं. ती बाई रडता रडता खुदकन हसली होती, हे मात्र आत्ती कधी सांगत नाही.

नव्वदच्या दशकातल्या त्या दिवसांत रविवारची मटणाची रांग म्हणजे मामांचा हक्काचा वर्ग. "ह्या काळजात, म्हंजे यकृतात, चांदणीच्या आकाराच्या पेशी असत्यात. कोठीवाल्या बायका म्हणा की! गाजर खावा, शेवग्याचा पाला खावा, त्यातनं होणारं अ जीवनसत्त्व ह्या बायका तेलाच्या थेंबात बुडवून ठेवत्यात. डोळ्याला लागंल तसं मापून देत्यात. महिनोन्महिने पुरतंय!" मागून कुणीतरी ओरडायचं, "मामा, अर्धा किलो घ्या आणि सरका की!" मला एकदा प्रयोगशाळेत नेऊन त्यांनी जांभळ्या दिव्याखाली त्या बायका दाखवल्या. निळसर चमकल्या आणि बघता बघता विझल्या. "लाजाळू हायत," मामा कौतुकानं म्हणाले.

असल्या माणसानं पोटच्या पोरीशी बोलणं टाकावं? ताईनं चंदगडच्या एका मास्तराशी आपलं आपण लग्न ठरवून केलं आणि मामांनी तिचं नाव घेणं बंद केलं. आठवण येत नाही का विचारलं, तर म्हणायचे, "माया साठवलेली हाय. पुरंल." दीड वर्ष झालं तशी आत्ती भडकली. "तुम्हीच सांगता न्हवं, काळजाला सारखी इजा झाली की कोठीवाली साठा टाकून देती आणि जाळी विणत बसती, काळीज पार दगड हुतंय? मग तुमचं काय झालंय?" मामा नुसते काच पुसत बसले.

आणि पत्र आलं. ताईला दिवस गेले होते. रक्त वाढावं म्हणून सासूबाई मायेनं दिवसाआड काळीज करून घालत होत्या. मामा ताडकन उठले. सुरुवातीच्या महिन्यांत इतकं अ जीवनसत्त्व पोटातल्या जिवाला बाधू शकतं, हे त्यांना माहीत होतं. मला ओढतच एसटीडी बूथवर नेलं. पावसानं लाइन खरखरत होती. दीड वर्षांनी बाप लेकीशी बोलला तो एवढंच:

"काळीज खाऊ नकोस!"

तिकडून एक हुंदका आला आणि फोन बंद. आपण 'डोकं खाऊ नकोस' म्हणतो ना, तसंच तिला वाटलं. मामांनी तिथंच बसकण मारली. "आरं, यकृत म्हणायला पाहिजे हुतं की रं!"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही चंदगड गाठलं. मामांच्या मांडीवर गाजरांची पिशवी. ताई दारातच उभी होती, डोळे सुजलेले. मामांनी उंबऱ्याबाहेरूनच सगळं शास्त्र एका दमात सांगून टाकलं. सासूबाईंनी चुलीवरचं पातेलं निमूट उतरवलं.

"एवढ्यासाठी आलाय व्हय आबा?" ताई म्हणाली. "काल तुम्ही बोललासा, ते मला हितं लागलं."

तिचा हात उजव्या बरगडीखाली होता. मामांनी सवयीनं हात पुढं केला आणि तो तिथंच राहिला. सरकवायला काही नव्हतंच.

"जागा... जागा बरोबर हाय, बाळा," म्हणाले आणि घळाघळा रडायला लागले.

नात चांगली खणखणीत झाली. ती शाळेत जायला लागली त्या वर्षी मामा गेले. परवा मटणाच्या रांगेत त्यांची आठवण येऊन एकदम गलबललं, तर माझा हात आपसूक उजव्या बरगडीखाली गेला.

मागचा माणूस म्हणाला, "पावणं, पोटात दुखतंय काय?"

"न्हाय," मी म्हटलं, "काळीज हाय ते."