निशिगंधाचा डावा कान

पेण-रोहा गाडीवर निशिगंधा बरीच वर्षं कंडक्टर होती. वडखळ, गडब, आमटेम, नागोठणे, मग भिसे खिंड ओलांडून रोहा. रोजच्या बायकांनी अर्धं तिकीट म्हणायच्या आत ती मशीनवर त्यांचा थांबा दाबायची. कान तर इतका तिखट की मागच्या बाकावरची कुजबुजही तिला ऐकू यायची.

एका सकाळी बहिणीचा, अनिताचा फोन आला. निशिगंधानं तो नेहमीसारखा डाव्या कानाला लावला, तर पलीकडून काहीच नाही. फोन बिघडला असं वाटून तिनं तो दुसऱ्या हातात घेतला आणि उजव्या कानात अनिताचा आवाज खणखणीत आला. तिनं फोन पुन्हा डावीकडे नेला. तिकडं आवाज नव्हता, एक बारीक शिट्टी तेवढी वाजत होती.

ही शिट्टी थंडी पडल्यापासून होती. सर्दीची असेल म्हणून तिनं तिकडं लक्ष दिलं नव्हतं. मधूनच उठताना भुई हलल्यासारखं व्हायचं, त्याचाही दोष तिनं जागरणाला दिला होता.

पेणच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून तिला एमआरआय काढायला पनवेलला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर तिला आणि तिच्या नवऱ्याला, सुशीलला, समोर बसवून त्यांनी फिल्म उजेडावर धरली.

"कानाच्या आत, मेंदूकडे जाणाऱ्या नसेपाशी हा ठिपका दिसतोय. गाठ असू शकते. नुसती सूजही असू शकते. इतक्या लहान ठिपक्यावरून आज मी ठाम काही सांगणार नाही."

"गाठ म्हणजे कॅन्सर?" सुशीलनं विचारलं.

"या जागेवरच्या गाठी बहुतेक तशा नसतात. वाढतात तीही फार सावकाश. पण ऑपरेशन म्हटलं की उरलेलं ऐकू येणंही जाऊ शकतं, म्हणून घाई नको. सहा महिन्यांनी परत बघू."

सुशीलला धीर नव्हता. त्यानं तिला मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. तेही तेच म्हणाले, थांबा आणि बघा. त्यानंतर कंपनीतून शिफ्ट करून आला की तो फोनवर गाठींबद्दल वाचत बसायचा, आणि जेवताना वाचलेलं सांगायचा. एकदा निशिगंधा शांतपणे म्हणाली, "अहो, ठेवा तो फोन. त्यात माझ्याबद्दल कुठं लिहिलंय?"

तिची तऱ्हा वेगळी होती. ती कोणाला काही सांगत नव्हती, सासूबाईंनासुद्धा. एकदा स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता यातली कुकरची कुठली आणि आपल्या कानातली कुठली हेच तिला कळेना. तिनं गॅस बंद केला. शिट्टी चालूच राहिली. ती ओट्याला टेकून थोडा वेळ रडली, मग तोंड धुऊन भाजी फोडणीला टाकली.

फाल्गुनात एक दिवस गाडीत डाव्या हाताला इंदुबाई नावाची म्हातारी बसली होती. आमटेम आल्यावर तिनं हाका मारल्या. निशिगंधा पुढच्या माणसाचे सुटे मोजत होती, तिला काही ऐकू आलं नाही, आणि गाडी पुढे गेली. कोणीतरी खांद्याला हात लावला तेव्हा नागोठणं जवळ आलं होतं.

"मी कवाची बोंबलतंय," इंदुबाई म्हणाली. "बहिरी हाईस काय गो?"

"व्हय आजी, या कानानं बहिरीच आहे," निशिगंधा म्हणून गेली. आतापर्यंत हे तिनं मोठ्यानं कोणाजवळ म्हटलं नव्हतं.

नागोठण्याला तिनं म्हातारीचा हात धरून तिला पेणकडच्या गाडीत बसवलं आणि त्या कंडक्टरला आमटेमला उतरवायला बजावलं. परत आल्यावर ड्रायव्हर गोविंदानं विचारलं, तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं.

त्यानं स्टिअरिंगवरचा हात काढला आणि तिच्याकडे वळला. "मला सांगायचं नाय, ताई? मी तुझ्या घंटीवर गाडी हाकतो."

त्या बोलण्याचा तिला राग आला नाही, ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी ती आपणहून आगारप्रमुखांकडे गेली. पुढची तपासणी होईपर्यंत त्यांनी तिला पासच्या खिडकीवर बसवलं. काचेच्या भोकाला उजवा कान लावून ती पोरांची नावं लिहून घेऊ लागली. गाडी सुटताना अजून तिचा हात आपोआप घंटीची दोरी शोधायचा.

डॉक्टरांनी तोलाचा व्यायाम दिला होता, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत सरळ रेषेत चालायचं. ती गच्चीवर चालायची. एकदा पापड वाळत घालायला सासूबाई, विमलबाई, वर आल्या.

"निशी, ही काय गो नवी चाल?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिनं सांगितलं. विमलबाई ऐकता ऐकता पापड उलटत राहिल्या.

"मंग गाठ हाय का नाय?"

"अजून माहीत नाही, आई."

"कवा कळंल?"

"गणपतीच्या आधी परत फोटो काढायचाय."

"तवर चालायचं हाय ना? चाल. मी कठड्याकडं उभी राहतंय."

त्या दिवसापासून ती चालायची आणि विमलबाई कडेनं, तिला हात न लावता, बरोबर चालायच्या. पावसात गच्ची बंद झाली तेव्हा दोघी ओटीवर चालू लागल्या. सुशीलचं फोनवरचं वाचन कधी थांबलं ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

श्रावणात दुसरा एमआरआय झाला. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या.

"तेवढाच आहे, वाढलेला नाही. ही चांगली गोष्ट. पण गाठ नाहीच, असं मी अजूनही म्हणणार नाही. आता वर्षानं बघू."

डावा कान काही परत आला नाही, शिट्टीही राहिली. तोल मात्र सुधारला. महामंडळाच्या डॉक्टरांनी सगळी तपासणी करून पुन्हा गाडीवर जायला परवानगी दिली. आता ती तिकीट फाडायच्या आधी सांगते, "या बाजूनं बोला, त्या कानाला कमी ऐकू येतं." थांबा आला की आधी मागपर्यंत नजर टाकते, मग घंटी मारते.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी ओटीवर बसल्या बसल्या सुशीलनं विचारलं, "भीती वाटते का गं अजून?"

"वाटते. पण रोज नाही वाटत," ती म्हणाली, आणि सकाळी पहिलीच गाडी होती म्हणून पीठ मळायला आत गेली.