तोंडाने जळणारा माणूस

आमच्या भांडुपच्या इमारतीत कोणी काही नवीन आणलं, की ते आधी दुसऱ्या मजल्यावरच्या तात्या घाडींना दाखवायची पद्धत होती. मिक्सर असो नाहीतर पायपुसणं. तात्या वस्तू हातात घेत, उलटी करून तिचं बूड बघत आणि मग कपाळाला हात लावून खुर्चीत कोसळत. "मी जळलंय रे मेल्या, जळलंय!" घरातली माणसं लग्न ठरल्यासारखी हसत. "आता माका चाय जावची नाय," असं म्हणून तात्या दोन कप चहा घेत आणि उठत.

बाकी जगात लोक नजर लागेल म्हणून नवी वस्तू लपवतात. आमच्याकडे तात्या जळल्याशिवाय खरेदी पुरी होत नसे. त्यांचं म्हणणं असं, की "जो तोंडान जळता, तेची नजर लागणा नाय. गप रवता ना, तेका भियाचा." तात्या गेल्यापासून जिन्यात खोकी पूर्वीपेक्षा जास्त येतात, पण दारं बंद करून उघडली जातात आणि आत काय निघालं ते पुठ्ठे कचऱ्यात पडल्यावर कळतं.

नजर वगैरेंवर माझा विश्वास नाही. मी नोकरीचं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात काढलं. तिथे माणूस फार शहाणा होतो असं नाही, पण चेहरा तसा ठेवायला शिकतो. त्या चेहऱ्याने मी तात्यांची ही नाटकं बघत असे. अडचण एवढीच, की माझ्या कुठल्याच वस्तूवर ते जळत नसत.

आमचा फ्रिज बघून म्हणाले, "बरो आसा." पुस्तकांसाठी मुद्दाम सागवानी कपाट करून घेतलं. तात्यांनी त्याच्या काचेत स्वतःचे केस नीट केले आणि म्हणाले, "बरा आसा." बायकोला वाटलं, त्यांची तब्येत बिघडली असेल. तब्येत ठणठणीत होती. त्याच संध्याकाळी समोरच्या कांबळ्यांकडे कपडे वाळत घालायच्या घडीच्या स्टँडवर ते असे काही जळले, की कांबळेवहिनींना त्यांना पाणी द्यावं लागलं. मला दोन्ही दारांतून स्वच्छ ऐकू येत होतं. स्टँडवर! जेवताना मी बायकोला म्हणालो, "तो स्टँड डुगडुगतो."

"तू कधी पाहिलास?"

"जाताना सहज हलवून पाहिला."

शेवटी एकदा तात्यांना विचारलंच. ते मला मास्तर म्हणत. मी जन्मात कोणाला शिकवलेलं नाही. ते म्हणाले, "मास्तरा, तू वस्तू आणतंस ती लोकांनी बघूची म्हणान. बघून झाली की सपला. त्या कांबळेबायचे कपडे दोन पावसाळे सुकत नाय होते रे."

मग मी सायकल घेतली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, सायकल हा अर्थ माझा. गिअरवाली, राखाडी, माझ्या वयाला न शोभणारी. आणि यामागे थोडा डाव होता. तात्यांनी उभी नोकरी घाटकोपरच्या एका कारखान्यात काळ्या सायकलवरून जाऊन-येऊन केली होती. तिची चेन सारखी उतरायची. घाडीकाकी सांगत, "ह्यांचे हात बघितले की कळायचं आज चेन पडली की नाही. साबण निराळा ठेवलेला." पुढे तात्यांच्या हाताला कंप सुटला, मुलाने सायकल भंगारात दिली. त्याबद्दल तात्या अवाक्षर बोलत नसत. त्यांच्या कपात चहा मात्र अर्धाच ओतायचा, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं.

गेटाजवळच्या बाकावर बसून तात्यांनी सायकल बघितली. घंटी वाजवली. "बरी आसा." मी वर जाऊन दार जरा जोरात लावलं.

सायकलची चेन पहिल्या महिन्यातच उतरायला लागली. उतरली की मी सायकल ढकलत कोपऱ्यावरच्या दुकानात नेई. एका सकाळी मुलुंडहून परत येताना, अगदी आमच्या गेटाशी, चेन पडली आणि दुकान बंद. तात्या बाकावर. कांबळे दूध घेऊन येत होते, ते म्हणाले, "सर, टेम्पो बोलवू का?"

मला राग आला. मी सायकल उलटी केली, मांडी घालून बसलो आणि चेनला हात घातला. ती सुटे, मी पुन्हा धरी. तात्यांचा हात एकदा पुढे आला. चेनपर्यंत पोचायच्या आतच थरथरायला लागला, तसा त्यांनी तो खिशात घातला. बऱ्याच वेळाने चेन दात्यांवर बसली. मी पेडल फिरवलं. चाक भिरभिरलं. मनगटापर्यंत काळे झालेले हात घेऊन मी वर पाहिलं. आता तरी!

तात्या माझ्या हातांकडे बघत राहिले, मग उठले आणि भिंतीला धरत जिना चढून गेले. साधं 'बरी आसा'सुद्धा नाही. बायकोने विचारलं, "काय म्हणाले तात्या?" मी म्हटलं, "काय म्हणणार? माझा स्टँड थोडाच आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरलो, तर तात्या सायकलपाशी वाकलेले. हातात दोऱ्यात ओवलेलं लिंबू-मिरची. हँडलला बांधायचं चाललं होतं, पण गाठ बसत नव्हती.

"तात्या, हे काय?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "काल मी गप रवलंय, मास्तरा."

दोरा त्यांच्या बोटांतून पुन्हा निसटला. मी तो हातात घेतला. माझ्या नखांत कालचं काळं अजून होतं, आणि तात्या तिकडेच बघत होते.

नजरेवर माझा विश्वास नाही. गाठ मात्र मी दुहेरी मारली.