न धुतलेली नळी

शीलाताई गेल्याचा फोन त्यांच्या यजमानांनीच केला. "जयभीम ताई," म्हणाले, "शीला गेली. सकाळी शाळेची तयारी करून राहिली होती, बसल्या जागी गेली." मी काय बोलले ते आठवत नाही. फोन ठेवला आणि मनात आलं, माफी मागायची राहूनच गेली. चूक कबूल केली होती, माफी मागितली नव्हती. मेली लाज!

त्या अर्धापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. चाळिशी उलटल्यावर रजा काढून पीएच.डी.ला बसल्या. मी लातूरची. एमएस्सी करून नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूच्या प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखाली लागले. त्यांचं काम एका एन्झाइमवर होतं. एन्झाइम म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. तिची घडी पडून आत एक खोबण तयार होते आणि त्या खोबणीत रसायनाची घडामोड चालते. मूळ एन्झाइम संत्र्याच्या सालीच्या वासाचा पदार्थ बनवायचं. ताईंनी माळेतला एकच मणी बदलला. आता खोबणीत पाण्याचा एक रेणू शिरेल, अर्ध्यावर आलेल्या रसायनाला तिथंच धरेल, अभिक्रिया वेगळ्या वाटेनं जाईल आणि फुलाच्या वासाचा पदार्थ निघेल, असं त्यांचं म्हणणं. तोच एक, दुसरा नाही. "दोन्ही निघाले तर माझं म्हणणं कच्चं," त्या म्हणायच्या. जूनमध्ये रजा संपत होती. तोवर सिद्ध झालं तर प्रबंध, नाहीतर सगळं बोंबललं.

उन्हाळा कसला, तर लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो. पेपरात लातूर तोडून नवा जिल्हा होणार का याची चर्चा, आमच्या लातूरच्या घरात नळ कधी येणार याची. आई भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना अन् भांड्यांचं संडासाला वापरत होती. प्रयोगशाळेतही शुद्ध पाणी काढायचं यंत्र बंद पडल्यात जमा, कारण एक बाटली काढायला कितीतरी पाणी नुसतं थंडाव्यासाठी वाहून जायचं. एन्झाइम गाळून घ्यायची काचेची नळी आमच्याकडं एकच. आधी मूळ एन्झाइम, मग ती नळी दोन बाटल्या शुद्ध पाणी घालून धुवायची, मगच बदललेलं. त्या दिवशी ताई मीटिंगला गेल्या. मी अर्धी बाटली घातली. पुढचं मोरीत वाहून जाताना बघवेना... हात आखडलाच. उरलेलं मी दुसऱ्या डब्यात ओतून ठेवलं.

"झालं का गं धुणं?"

"हाव ताई. दोन्ही बाटल्या."

चार दिवसांनी आलेख आला, निघालेल्या एकेका पदार्थाचा एकेक उंचवटा दाखवणारा. दोन उंचवटे! फुलाचा होता, पण त्याच्या शेजारी संत्र्याचाही. नळीत राहिलेलं जुनं एन्झाइम नव्यात मिसळलं होतं, हे मला तिथल्या तिथं कळलं, आणि मी तोंड शिवून बसले. अकरा दिवस. ताई कागदांवर कागद लिहीत होत्या, "पाणी कधी शिरतंय, कधी न्हाई, असं असंल का गं?" मी मान हलवायची. स्वतःचीच किळस यायची. पण खरं बोलले तर मला काढतील, या भीतीनं जीभ उचलेना.

बाराव्या दिवशी त्या प्रबंधाचं पान फाडताना दिसल्या, तेव्हा तोंडातून निघालं, "ताई, नळी मी धुतली न्हाई."

"अकरा दिवस मी येड्यासारखी हिंडले ना गं," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चपला घातल्या अन् निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी ताई एसटीतून उतरल्या, त्या गावच्या विहिरीच्या पाण्याचे दोन कॅन घेऊनच. गढूळ होतं. आम्ही थंडाव्याचं पाणी बादलीत धरून पुन्हा पुन्हा वर ओतलं आणि दुपारपर्यंत दोन बाटल्या शुद्ध पाणी काढलं. फ्रीजरमध्ये एकाच वेळेपुरतं साहित्य उरलं होतं. या वेळी नळी त्यांनी स्वतः धुतली, मला हात लावू दिला नाही. चार दिवसांनी आलेख सरकायला लागला. संत्र्याचा उंचवटा जिथं यायचा ती जागा जवळ आली. ताईंनी माझं मनगट धरलं होतं, नखं रुतत होती. रेघ सपाट गेली... सपाटच गेली. पुढं एकटा फुलाचा उंचवटा चढला आणि ताई मटकन खाली बसून रडायला लागल्या. जूनच्या आत प्रबंध गेला. त्या चुकीबद्दल पुन्हा कधी चकार शब्द काढला नाही त्यांनी, अन् मीही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, ताईंसाठीच्या बुद्धवंदनेला, अर्धापूरला गेले. कार्यक्रम आटोपल्यावर यजमानांनी ताईंच्या प्रयोगाच्या वह्या माझ्यापुढं ठेवल्या. "ह्यातलं तुम्हालाच कळतंय." मी ते पान काढलं. दोन उंचवट्यांचा आलेख चिकटवलेला आणि खाली ताईंचं टपोरं अक्षर: 'नळी अपुरी धुतली गेली. पाणी जपून वापर, असं मीच सांगितलं होतं. चूक माझी.'

असं त्या कधीच म्हणाल्या नव्हत्या. दोन्ही बाटल्या भरून माझ्या हातात देऊन गेल्या होत्या. अख्ख्या वहीत तेवढंच खोटं असेल, आणि ते माझ्यासाठी.

प्रयोगाच्या वहीत खोडायचं नसतं. चुकीच्या ओळीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी खरं लिहून सही करायची. मी यजमानांकडं पेन मागितला. रेघ मारली. लिहिलं, 'दोन बाटल्या दिल्या होत्या. मी अर्धी वापरली आणि खोटं सांगितलं. ताई, माफ करा.' सही केली. तारीख कोणती घालावी ते कळेना, म्हणून यजमानांना विचारलं.

त्यांनी वाकून सगळं वाचलं. म्हणाले, "आजची घाला."