डेल्फीनचा नळ आणि मंडळाचं चिलखत

नवरा गेल्यावर त्याचा जेसीबी विकून टाक, असा सल्ला डेल्फीन माटोखाला प्लम हॉलो गावाच्या अख्ख्या चर्चने दिला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला आणि त्याच आठवड्यात पाद्रीबुवांच्या शौचालयाची टाकी बसवायला खड्डा खणून दिला. तेव्हापासून टेक्सासच्या त्या कोपऱ्यात जमिनीखाली काही घालायचं असलं की लोक डेल्फीनला फोन करत. साठी उलटली तरी तिच्या चराच्या कडा बघण्यासारख्या असायच्या, आणि तिचं तोंड ऐकण्यासारखं.

काउंटीभर पाइपलाइन घालणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या घरी मात्र नळ नव्हता. गावाला पाणी पुरवणाऱ्या पाणी मंडळाची लाइन तिच्या घराच्या बरीच अलीकडे संपायची. तिच्या बोअरचं पाणी खारट झालं होतं, कॉफी तोंडात धरवत नसे, आणि आंघोळीला ती बहिणीकडे जायची. आयुष्यात आता आणखी काही नको, घरात गोड्या पाण्याचा नळ हवा, असं ती उघड म्हणायची.

एका हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीने मंडळाची मुख्य लाइन ओढ्यापाशी फुटली आणि गाव कोरडं पडलं. शुक्रवार होता, चर्चच्या हॉलमध्ये डॉमिनोचा डाव रंगला होता. डेल्फीन आणि तिचा कायमचा जोडीदार, पंप दुरुस्त करणारा लेनर्ड झापालाक, जिंकत होते. मंडळाचे पाचही सदस्य तिथेच होते; दोघे खेळत, तिघे ‘कोलाचे’ नावाचे गोड पाव खात. अध्यक्ष वेल्डन क्रात्कीने हातातल्या सोंगट्या पालथ्या घातल्या आणि विषय काढला.

"डेल्फीन, ओढ्याखालून नवी लाइन तू टाकून दे. तुझ्या दारात नळ आला म्हणून समज."

बाकीच्या चौघांनी तोंडात घास असल्यामुळे नुसत्या माना हलवल्या. मग सगळ्यांनी हात मिळवले. तिकडे हात मिळवला की झालं. वर कागद मागणं म्हणजे समोरच्याच्या आईबापांची चौकशी करण्यासारखं. लेनर्ड म्हणाला, आता तरी माझ्या अंगणात पाण्याला डबे घेऊन येऊ नकोस, बाई.

ओढ्याच्या गार चिखलात उभी राहून तिने लाइन टाकली. गावाला पाणी आलं. तिचा नळ पुढच्या महिन्यात येणार होता, मग बजेट झाल्यावर, मग वेल्डनला चर्चमध्ये तिच्याऐवजी छताकडे बघायची सवय लागली. तेव्हा तिने मंडळावर दावा ठोकला.

मंडळाने ऑस्टिनहून वकील आणला. प्रेस्कॉट त्याचं नाव; बूट असे चकचकीत की त्याने ओढा कधी दुरूनही पाहिला नसावा. तो म्हणाला, बाईंनी काम केलं, उत्तम केलं, आम्ही ते नाकारत नाही. पण पाणी मंडळ म्हणजे सरकार, आणि सरकारने परवानगी दिल्याशिवाय सरकारवर दावा चालत नाही. कायद्याने एक फट ठेवली आहे: करार लेखी हवा आणि मंडळाच्या रीतसर बैठकीत मंजूर झालेला हवा.

न्यायाधीशांच्या परसातल्या टाकीचा खड्डा डेल्फीननेच खणला होता. त्यांनी विचारलं, "अहो, पण पाचही सदस्य त्या हॉलमध्ये होते ना?"

"होते, आणि तीच अडचण आहे, साहेब," प्रेस्कॉट म्हणाला. " तीन दिवस आधी दारावर नोटीस न लावता पाचांनी मिळून मंडळाचं काही ठरवणं हाच कायदेभंग. म्हणून ते ठरलंच नाही."

म्हणजे कायदा मोडला मंडळाने, आणि त्याची शिक्षा डेल्फीनला. न्यायाधीशांनी चष्मा पुसला आणि या कोर्टाला हे ऐकण्याचाच अधिकार नाही असं सांगून टाकलं. ही युक्ती म्हणे जुन्या काळी इंग्लंडच्या राजाची. राजावर त्याच्याच कोर्टात दावा कसा लावणार? टेक्सासच्या माणसासमोर राजा हा शब्द काढला तर तो बंदूक शोधायला लागतो. पण त्या राजाचं चिलखत मात्र पाच दुकानदारांच्या पाणी मंडळाने घासूनपुसून अंगात घातलं होतं.

डेल्फीन रडली नाही, मंडळाच्या निवडणुकीला उभी राहिली. आमचं पाणी हिनेच आणलं, म्हणून गावाने तिला मतं दिली. मीही दिलं, असं वेल्डन सांगत सुटला. आता ती पाचांतली एक झाली. तिच्या नळाचा ठराव आला तेव्हा, स्वतःचंच काम म्हणून, नियमाप्रमाणे तिला बाहेर बसावं लागलं. आत चौघांनी तो मंजूर केला, रीतसर, दारावर नोटीस लावून. पाइप उन्हाळ्याआधी घ्यायचे ठरले. त्या दिवशी ती गाडीत बसून एकटीच हसली.

मग मंडळाचा पंप जळाला. मॅनेजरने लेनर्डला फोन केला, लेनर्ड आपल्या दुकानातला नवाकोरा पंप घेऊन धावला आणि गावाचं पाणी अडू दिलं नाही. बिल मागितल्यावर त्याला कळलं की मॅनेजरला असं काही कबूल करायचा अधिकारच नव्हता. त्यानेही दावा लावला.

बैठकीत प्रेस्कॉटने सल्ला दिला, की आपण सरकार असल्याचं चिलखत पुढे केलं तर लेनर्डचा दावा दारातच पडेल. नाहीतर पंपाचे पैसे नव्या लाइनच्या निधीतून जातील. नवी लाइन एकच होती, आणि ती कुणाच्या दारात जाणार हे सगळ्यांना माहीत होतं.

लेनर्ड पहिल्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसला होता. बाकीच्यांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. आपली जोडीदारीण वर बसली आहे, मग काळजी कसली, असा त्याचा चेहरा होता.

"काम चांगलं झालंय ना त्याचं?" डेल्फीनने वकिलाला विचारलं.

"उत्तम, मॅडम. आम्ही ते नाकारत नाही."

चिलखताच्या बाजूने चार हात वर गेले. डेल्फीनला आपल्या घरातली खारट कॉफी आठवली, आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. मग तिनेही हात वर केला.

बाहेर गाड्यांपाशी लेनर्ड थांबला होता. चिडलेला नव्हता, नुसता गोंधळलेला होता.

"डेल्फीन, माझ्या बाजूने एक शब्द तरी बोलायचास."

"मंडळाच्या विषयावर बैठकीबाहेर मला बोलता येत नाही, लेनर्ड," ती किल्ली शोधत म्हणाली.

एकट्या सदस्याने जुन्या मित्राशी बोलू नये असा कायदा टेक्सासात नाही, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.