द्वारकेच्या वायंडिंगवाल्या मावशी

जळालेली पंपाची मोटार दुकानात आली की मावशी आधी ती हुंगायच्या. पाणी शिरलंय की विजेच्या तीनपैकी एक फेज जाऊनही मोटार चालतच राहिली, हे त्या वासावरूनच सांगत. द्वारका चौकाजवळचं ते वायंडिंगचं दुकान त्यांच्या यजमानांचं. ते वारल्यावर सातवी शिकलेल्या मावशींनी दुकान विकलं नाही; स्वतः तांब्याची तार गुंडाळायला बसल्या. गंगापूर रोडकडच्या आमच्या मळ्यातली मोटार नेहमी त्यांच्याकडेच जायची.

सुट्टीच्या दिवशी त्या वाचनालयात बसून विजेच्या शोधांविषयी मिळेल ते वाचत. परदेशी नावं जिभेवर बसत नसत, म्हणून शास्त्रज्ञांना त्यांनी स्वतःची नावं ठेवली होती. मेलेल्या बेडकाचा पाय धातू लागताच उडतो हे पाहणारा तो ‘बेडूकवाला डॉक्टर’. ताटकळलेल्या गिऱ्हाइकांना त्या ही हकिगत ऐकवत. पेठ तालुक्याकडचा एक शेतकरी एकदा म्हणाला, “लय येडा व्हता का तो?”

मावशी म्हणाल्या, “उडालेला पाय आपणही पाहिला असता. तो विचार करत थांबला, एवढंच.”

नव्वदच्या दशकात मी इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला होते. मशिन्सच्या विषयात दुसऱ्यांदा नापास झाले आणि शिक्षण सोडायचं ठरवलं. वडिलांबरोबर दुकानात गेले होते, तेव्हा मावशींनी अभ्यासाचं विचारलं आणि मला रडूच आलं. त्यांनी समजूत घातली नाही. तारेच्या एका गुंडाळीला मीटर जोडला आणि चुंबकाची कांडी आत ठेवली. काटा शून्यावरच. मग कांडी आतबाहेर केली, तसा काटा हलला.

“हे ज्यानं शोधलं तो पुस्तकं बांधायचा,” त्या म्हणाल्या. “बांधायला आलेली वाचूनच शिकला. वर्षानुवर्षं झटला, तेव्हा कुठं कळलं की चुंबक नुसता ठेवून भागत नाही, हलवावा लागतो. तुझी तर दोनच वर्षं गेलीत.”

त्या दुपारी वडील मोटार घेऊन घरी गेले, तरी मी कांडी हलवत तिथेच बसले होते. पुढच्या खेपेला पास झाले.

काही वर्षांनी मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवू लागले आणि मावशींना वर्गात बोलावलं. आधी त्या नाहीच म्हणाल्या. आल्या तेव्हा मात्र तास संपला तरी मुलं जागची उठेनात. कुठे शिकलात, असं एका मुलीने विचारलं. मावशी म्हणाल्या, “दुकानात. अजून चालूच आहे.”

पुढे गुडघ्यांनी त्रास दिला, तेव्हा दुकान कारागिराच्या हाती सोपवून त्या नांदगावला लेकीकडे गेल्या. त्यांना तिथे करमणार नाही अशी धास्ती घेऊनच मी भेटायला गेले. ओट्यावर चार-पाच बायका त्यांच्याभोवती बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर मिक्सर होता. ती मला कौतुकाने सांगू लागली, “पूर्वी बटण दाबायलासुद्धा मी मालकांना हाक मारायचे. आता हा मीच उघडते.”

तिने स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. मावशी मान वर न करता म्हणाल्या, “आधी प्लग काढ.”